आधी शाळा, मग भूत : झपाटलेल्या रात्रशाळेचा हॉरर गेम एकट्याने कसा बांधावा

शाळेच्या इमारतीत घडणारे भीतीचे गेम हा आता एक स्वतंत्र उपप्रकारच झाला आहे. जपानमध्ये १९९६ साली पीसी-९८ या संगणकासाठी आलेला ‘कॉर्प्स पार्टी’ हा आरपीजी मेकर या गेम बनवण्याच्या तयार साधनाच्या साहाय्याने बनवलेला छोटा गेम होता. २००१ साली दक्षिण कोरियातून ‘व्हाइट डे’ आला, ज्यात रात्रीच्या शाळेत राखणदारच मुलांचा पाठलाग करतो. २०१७ साली तैवानच्या रेड कँडल गेम्स या लहान स्टुडिओने ‘डिटेन्शन’मध्ये १९६०च्या दशकातील, लष्करी कायद्याखाली दबलेली शाळा उभी केली. या तिघांनीही आपापल्या मुलखातील शाळा वापरली. मुंबईतील शाळेवर असा गेम करायचा असेल तर लागणारी साधने आज विनामूल्य मिळतात आणि साहित्य तर आपल्यापैकी प्रत्येकाने दहा वर्षे रोज पाहिलेले असते.

नवशिके बहुतेक वेळा भुतापासून सुरुवात करतात. भुताचे मॉडेल होते, त्याचे केस होतात, किंकाळी होते, आणि मग ते भूत एका रिकाम्या चौकोनी खोलीत उभे राहते. या लेखातील क्रम नेमका उलटा आहे : आधी इमारत, मग कुलुपे, मग आवाज आणि सर्वांत शेवटी भूत. कोड्यांच्या सर्व्हायव्हल हॉररमध्ये, म्हणजे लढण्यापेक्षा जीव वाचवण्यावर भर देणाऱ्या भीतीच्या गेममध्ये, भीती वाटते ती रस्ता पाठ असूनही तो वापरता येत नाही तेव्हा, आणि रस्ता पाठ होण्यासाठी आधी रस्ता असावा लागतो.

उदाहरण म्हणून गिरणगावातील एक काल्पनिक रात्रशाळा घेतली आहे. इंजिन (गेम बांधण्याचे आणि चालवण्याचे सॉफ्टवेअर) गोडो, मॉडेलसाठी ब्लेंडर आणि आवाजासाठी ऑडॅसिटी असे गृहीत धरले आहे. गोडो एमआयटी परवान्याखाली मिळते, त्यामुळे गेम विकला तरी इंजिनवाल्यांना काही द्यावे लागत नाही. इंजिनची तोंडओळख नसेल तर आधी एखादा लहानसा धडा पूर्ण करून मगच पुढचे वाचावे.

पहिली पायरी : कुंपण घालणे

एकट्याने, नोकरी किंवा कॉलेज सांभाळून काम करणाऱ्याने एक इमारत, एक पाठलाग करणारा, चार कोडी आणि साधारण तासाभराचा खेळ एवढेच हाती घ्यावे. हे कागदावर लिहून भिंतीला लावावे, कारण तिसऱ्या महिन्यात ‘गावातले जुने घर पण घालू या’ असे वाटू लागते आणि बहुतेक अर्धवट गेम तिथेच अडकतात. शस्त्र ठेवू नये. शस्त्र आले की नेम, गोळ्या, शत्रूची इजा आणि मरण्याच्या हालचाली हे सगळे करावे लागते, आणि एवढे करून भीती कमीच होते.

दुसरी पायरी : जागा निवडणे

रात्रशाळा निवडण्यामागे कारण आहे. या प्रकारच्या गेममध्ये दोन प्रश्न नेहमी लंगडे पडतात : माणसे रात्री शाळेत करतात काय, आणि शाळेतली निम्मी दारे बंद का? रात्रशाळा दोन्हींची उत्तरे आयती देते. एकेकाळी गिरणीत आणि आज दुकानात किंवा घरकामाला जाणाऱ्या मुलांसाठी चालणाऱ्या मुंबईच्या रात्रशाळा बहुधा दिवसाच्या शाळेच्या इमारतीतच भरतात. इमारत तीच, पण प्रयोगशाळेची कपाटे, ग्रंथालय, मुख्याध्यापकांची खोली दिवसाच्या शाळेची, म्हणून ती रात्री कुलूपबंद. शिवाय अनेक शालेय इमारतींत सकाळी एका आणि दुपारी दुसऱ्या माध्यमाची शाळा भरते, त्यामुळे एकाच भिंतीवर दोन-दोन वेळापत्रके आणि एकाच शिक्षकखोलीत वेगवेगळ्या मालकांची कपाटे सापडतात. कोडी रचणाऱ्याला यापेक्षा जास्त काय हवे?

गिरणगावाला स्वतःचा इतिहासही आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर या भागातील घरेच्या घरे विसकटली आणि त्या वर्षांत कितीतरी मुलांची शाळा मध्येच सुटली. आपल्या गेममधील भूत या घटनेतून येऊ शकते. मात्र खऱ्या शाळेचे नाव, खऱ्या मृत्यूची घटना आणि खऱ्या मुलांची छायाचित्रे वापरू नयेत. इमारत पाहायची असेल तर रीतसर परवानगी घेऊन, मुले नसताना जावे आणि फोटो फक्त भिंती, जिने, खिडक्या यांचे काढावेत.

नायिका रात्री अडकण्यासाठी मुंबईत एक कारण पुरते, ते म्हणजे पाऊस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि अनेक मुलांना ती रात्र शाळेत काढावी लागली. त्या दिवसाचे नाव न घेताही मुंबईच्या खेळाडूला ‘पाणी भरले आहे, कोणी घरी जाऊ नका’ हे वाक्य लगेच कळते, आणि त्यासाठी वेगळी प्रस्तावना लिहावी लागत नाही.

जागा पाहताना मापे टिपावीत. दाराची उंची साधारण २.१ मीटर, वर्गाबाहेरचा व्हरांडा दोन ते अडीच मीटर रुंद, जिन्याची पायरी पंधरा-सोळा सेंटिमीटर उंच असे आकडे जवळ असले की पुढचे काम सोपे होते, कारण गोडोमध्ये एक एकक म्हणजे एक मीटर धरले जाते. त्याचबरोबर वस्तूंची यादी करावी : सुविचाराचा फळा, फळ्याखालचा लाकडी मंच, बाकांवर चिकटवलेले परीक्षेचे बैठक क्रमांक, टांगलेली पितळी घंटा, शिपाईमामांच्या खोलीतला किल्ल्यांचा बोर्ड, पाण्याच्या नळांची रांग, मस्टर, हजेरीपट आणि जनरल रजिस्टर. पुढची सगळी कोडी याच यादीतून निघतील.

तिसरी पायरी : कोड्यांचा नकाशा

हा भाग संगणकाला हात न लावता करायचा आहे आणि त्याला सगळ्यांत जास्त वेळ द्यायचा आहे. मोठ्या कागदाच्या तळाशी ‘मुख्य फाटक उघडते’ असे लिहावे आणि तिथून उलटे वर जावे. फाटक उघडायला काय हवे? मुख्याध्यापकांच्या कपाटातील किल्ली. ते कपाट उघडायला काय हवे? शिपाईमामांच्या बोर्डावरील योग्य किल्ली. बोर्डापर्यंत जायला काय हवे? तळमजल्यावरचा दिवा, म्हणजे प्रयोगशाळेतील फ्यूज. प्रत्येक उत्तराला चौकट काढून बाणाने जोडत गेले की अवलंबनाचा तक्ता तयार होतो. त्यात एखादी किल्ली स्वतःच्याच कुलपामागे अडकलेली असेल तर ती इथे, कागदावरच, सापडते.

तक्ता एका सरळ रेषेत उतरत असेल तर तो पुन्हा काढावा. सुरुवात आणि शेवट सोडून कोणत्याही क्षणी खेळाडूपुढे निदान दोन सोडवता येतील अशी कोडी असावीत, म्हणजे एकात अडकलेला माणूस गेम बंद न करता दुसऱ्याकडे वळतो.

आता एक कोडे जवळून पाहू. शिपाईमामांच्या बोर्डावर तीस किल्ल्या आहेत, प्रत्येकीला फक्त क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला आहे. चुकीची किल्ली काढली की जुडगा खणखणतो आणि तो आवाज पाठलाग करणाऱ्याला ऐकू जातो, म्हणून एकेक करून पाहणे महाग पडते. योग्य क्रमांक कळतो तो दोन वह्यांच्या विसंगतीतून. कार्यालयातील जनरल रजिस्टरमध्ये एका विद्यार्थिनीच्या नावापुढे ‘शाळा सोडल्याचा दाखला दिला’ असा शेरा आणि तारीख आहे. दुसऱ्या मजल्यावरील वर्गातल्या हजेरीपटात मात्र त्या तारखेनंतरही, सुट्टीचे दिवससुद्धा न सोडता, तिच्या नावापुढे हजेरी लागत गेली आहे. तिचा हजेरी क्रमांक २४, आणि तोच किल्लीचा क्रमांक. यात खेळाडूला आकडा शोधावा लागत नाही, एक गोष्ट समजून घ्यावी लागते : कोणीतरी न आलेल्या मुलीची रोज हजेरी घेत आहे. कोडे सुटते तेव्हाच कथा पुढे सरकते, आणि त्यासाठी वेगळी चिठ्ठी लिहून ठेवावी लागत नाही.

या कोड्यात काही पथ्ये पाळली आहेत. दोन्ही पुरावे वेगळ्या मजल्यांवर आहेत, पण एकदा वाचलेले पान नायिकेच्या वहीत उतरते, त्यामुळे पुन्हा जिने चढावे लागत नाहीत. बोर्ड पाहण्याआधी हजेरीपट वाचला किंवा नंतर वाचला, दोन्ही क्रम चालतात. क्रमांकात १ आणि ९ टाळले आहेत, कारण पुसट हस्ताक्षरातील देवनागरी १ आणि ९ यांची गल्लत होते आणि इंग्रजी माध्यमातील मुलांना ती हटकून होते. दर खेपेला क्रमांक बदलावा असा सल्ला काही जण देतात. माझ्या मते इतक्या लहान गेमला ती उठाठेव नको, कारण क्रमांक बदलला की दोन्ही वह्यांची चित्रेही बदलावी लागतात.

दुसरे कोडे घंटेचे आहे. घंटेचे जितके टोल, तितकावा तास. वेळापत्रक वाचून खेळाडूला कळते की तिसऱ्या तासाला पर्यवेक्षक सातवी ‘ब’च्या वर्गात असतात. तीन टोल दिले की आपल्या गेममधले मृत पर्यवेक्षक, म्हणजेच पाठलाग करणारे भूत, सवयीने तिकडे निघतात आणि तेवढा वेळ कार्यालय मोकळे राहते. म्हणजे घंटा हे कुलूप नसून आमिष आहे, आणि शाळेची शिस्त हेच खेळाडूचे हत्यार आहे. उरलेली दोन कोडी फ्यूज आणि प्रयोगशाळा यांभोवती साधीच ठेवावीत, कारण सगळीच कोडी खोल असली तर खेळाडू दमतो.

चौथी पायरी : करडी इमारत

गोडोमध्ये सीएसजी प्रकारची ठोकळ्यांची साधने असतात. त्यांनी भिंती, जिने, दारे उभी करावीत, रंग-पोत काहीही लावू नये. मधला चौक आणि त्याभोवती तिन्ही मजल्यांवर एका बाजूने उघडा व्हरांडा ही जुन्या शाळांची रचना या गेमला फार उपयोगी आहे. कठड्यापाशी उभे राहिले की समोरच्या बाजूला हलणारा कंदिलाचा उजेड दिसतो. भूत दिसते, पण लांब असते, आणि ते कोणत्या जिन्याने येईल याचा हिशेब खेळाडू मनात करू लागतो.

प्रत्येक मजल्याला दोन जिने द्यावेत. एकच जिना असेल तर पाठलाग दोन सेकंदांत संपतो. बंद टोक मुद्दाम ठेवायचे असेल तर तिथे काहीतरी हवीशी वस्तू ठेवावी, म्हणजे आत जाण्याची जोखीम खेळाडू स्वतःहून घेईल.

मग एखाद्या मित्राला बोलावून दहा मिनिटे या करड्या इमारतीत नुसते फिरू द्यावे आणि नंतर सांगावे, ‘सातवी ब मधून कार्यालयात जा.’ तो चुकला तर दोष इमारतीचा समजावा. पाटी लावून हे सुटत नाही. खुणा वाढवाव्यात : एका मजल्याची लादी लाल, दुसऱ्याची पिवळट, एका कोपऱ्यात नळांची रांग, दुसऱ्यात राष्ट्रपुरुषांच्या तसबिरी. मित्र न अडखळता जाऊ लागेपर्यंत पुढची पायरी घेऊ नये.

इमारत पाठ झाल्यावर ती एकदाच मोडायची. रानात वाट चुकवून माणसाला त्याच जागी परत आणणारा चकवा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, आणि गेममध्ये तो करणे सोपे आहे. व्हरांड्याचा एक तुकडा नकाशापासून दूर हुबेहूब पुन्हा बांधावा. खेळाडू ठरलेल्या जागी पोहोचला की त्याचे स्थान दोन तुकड्यांतील अंतराएवढे हलवावे, पण नजरेची दिशा आणि चालण्याचा वेग तसाच ठेवावा. दोन्हीकडचा उजेड आणि आवाज तंतोतंत सारखा असेल तर काही घडल्याचे कळतसुद्धा नाही, फक्त जिना यायला हवा तिथे पुन्हा सातवी ब येते. हा प्रयोग खेळाच्या शेवटच्या तृतीयांशात करावा. आधी केला तर त्याला चकवा म्हणणार नाहीत, नकाशा गचाळ आहे असे म्हणतील.

पाचवी पायरी : उजेड

मुंबईत पूर्ण काळोख क्वचितच असतो. रस्त्याचा दिवा जाळीतून आत येतो आणि गाडी वळली की जाळीची सावली भिंतीवरून सरकते. त्यामुळे पडदा काळाकुट्ट ठेवण्याचा मोह टाळावा, तसे केल्यास खेळाडू फक्त स्क्रीनचा ब्राइटनेस वाढवतो. आपल्या बहुतेक खेळाडूंकडे साधे लॅपटॉप असतात, म्हणून गोडोचा कंपॅटिबिलिटी रेंडरर (साध्या संगणकांसाठीची चित्रण-पद्धत) निवडावा, स्थिर दिव्यांचा उजेड आधीच हिशेब करून लाइटमॅपमध्ये, म्हणजे पृष्ठभागावर बसवलेल्या उजेडाच्या चित्रात, भरावा आणि चालती सावली फक्त नायिकेच्या टॉर्चला द्यावी. दूरचे काही दाखवायची संगणकाची कुवत नसेल तर चौकात धो धो पाऊस पाडावा. १९९९च्या ‘सायलेंट हिल’ने कन्सोलची हीच मर्यादा धुक्याने झाकली होती.

सहावी पायरी : आवाज

हातात वेळ कमी असेल तर चित्रांतला काढून आवाजाला द्यावा. इथे मुंबईकडे असे एक साधन आहे जे दुसऱ्या गावातल्या शाळेला सहसा मिळत नाही, ते म्हणजे बाजूने जाणारी लोकल. लोकल जात असताना तिच्या धडधडाटात नायिकेची पावले झाकली जातात, म्हणून खेळाडू दाराआड थांबून गाडीची वाट पाहू लागतो. रुळांचा लांबून येणारा झणझणाट, मग भोंगा, मग वीसेक सेकंदांचे कवच आणि पुन्हा शांतता. वर्ग सुटतात साडेनऊच्या सुमारास, तेव्हा गाड्या भराभर येतात. रात्र चढते तशा त्या विरळ होतात आणि सुमारे एक ते चार या वेळेत लोकल बंदच असतात. म्हणजे खेळाची काठिण्यपातळी वेळापत्रकानेच वाढत जाते, भुताचा वेग वाढवण्याची गरज उरत नाही. पहाटेच्या पहिल्या लोकलचा भोंगा ऐकू येणे हाच सुटकेचा पहिला इशारा ठरू शकतो.

हे प्रत्यक्षात आणण्यासाठी प्रत्येक आवाजाला एक त्रिज्या द्यावी. हळू चालणे दोन मीटर, साधे चालणे चार, धावणे दहा, किल्ल्यांचा जुडगा आठ, घंटा संपूर्ण इमारत. लोकल जात असताना घंटा सोडून बाकी त्रिज्या निम्म्या कराव्यात. पावलांचा आवाज पृष्ठभागाप्रमाणे बदलावा : लादीवर टकटक, फळ्याखालच्या मंचावर पोकळ दणका, तळमजल्यावर भरलेल्या पाण्यात छपछप. मंच आणि पाणी यांची त्रिज्या जास्त ठेवली की कुठे पाय ठेवू नये हे खेळाडू आपोआप शिकतो.

भिंतीआडचा आवाज दबलेला वाटला पाहिजे. त्यासाठी आवाजाच्या उगमापासून नायिकेच्या डोक्यापर्यंत एक किरण (मध्ये काही आडवे येते का हे तपासणारी अदृश्य रेषा) सोडून पाहावा. मध्ये भिंत आली तर त्या आवाजाला हजार हर्ट्‌झच्या आसपास लो-पास फिल्टर (तीक्ष्ण स्वर गाळणारी चाळणी) लावावा आणि तो झटक्यात न लावता पाव सेकंदात सरकवावा. व्हरांडा, वर्ग आणि जिना यांना वेगवेगळे रिव्हर्ब (घुमारा) द्यावे, कारण रिकाम्या जिन्यातला घुमणारा आवाज सगळ्यांनाच ओळखीचा असतो.

पर्यवेक्षकांची ओळख पटवणारा एकच आवाज ठरवावा. मी चामड्याच्या चपलेचा, मध्येच कुरकुरणारा संथ आवाज निवडेन. किंकाळ्या, अचानक वाजणारी पियानोची पट्टी वगैरे पूर्ण वर्ज्य. संथ चप्पल जिन्याच्या वळणावर थांबली की जे होते ते पुरेसे आहे.

ध्वनिमुद्रण फोनवर चालते, मात्र पंखा बंद करून आणि पहाटेच्या वेळी करावे. ‘फ्रीसाउंड’ या आवाजांच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या प्रत्येक आवाजाचा परवाना तपासावा : सीसी-शून्य असेल तर कशालाही वापरता येतो, सीसी-बाय असेल तर श्रेयनामावलीत नाव द्यावे लागते आणि ‘नॉन-कमर्शियल’ लिहिलेला आवाज विकायच्या गेममध्ये घालता येत नाही. आवाज घेतानाच त्याची नोंद एका तक्त्यात करून ठेवावी, शेवटी शोधत बसणे जिकिरीचे होते.

सातवी पायरी : आता भूत

पर्यवेक्षकांचे वागणे पाच अवस्थांत बसवावे : गस्त, संशय, शोध, पाठलाग आणि परत गस्तीवर जाणे. दृष्टीसाठी दहा मीटर अंतर आणि समोर साठ अंशांचा कोन पुरतो. त्यांच्या नजरेची दिशा आणि खेळाडूकडे जाणारी दिशा यांचा डॉट गुणाकार, म्हणजे दोन दिशा किती जुळतात याचा आकडा, ०.८६६ पेक्षा जास्त आला तर खेळाडू कोनात आहे असे समजावे आणि मग डोके व छाती अशा दोन ठिकाणी किरण सोडून मध्ये बाक किंवा भिंत आहे का ते पाहावे. दिसल्याबरोबर पाठलाग सुरू करू नये. अर्धा-पाऊण सेकंद संशयाचा द्यावा, तेवढ्यात खेळाडूच्या पोटात गोळा येतो आणि त्याला मागे सरकण्याची संधीही मिळते. चालण्यासाठी गोडोची नॅव्हिगेशनची (वाट शोधण्याची) साधने वापरावीत. भुताच्या डोक्यावर त्याच्या अवस्थेचे नाव दिसेल अशी सोय पहिल्या दिवशीच करावी, नाहीतर ते कोपऱ्यात का उभे आहे हे कळायला रात्री जातात.

भूत खेळाडूपासून फार दूर भरकटले तर कंटाळा येतो आणि सतत मागावर असले तर अन्याय वाटतो. २०१४ सालच्या ‘एलियन : आयसोलेशन’ने यासाठी दोन थर ठेवले होते : खेळाडू कुठे आहे हे वरच्या थराला नेहमी माहीत असते आणि तो अधूनमधून ढोबळ इशारा देतो, तर प्रत्यक्ष प्राणी आपल्या डोळ्या-कानांवरच शोधतो. आपल्या गेमसाठी याचे सोपे रूप म्हणजे दर काही मिनिटांनी पर्यवेक्षकांना फक्त मजला सांगणे. खोली कधीही सांगू नये.

लपण्यासाठी कपाट किंवा पलंगाखालची जागा सगळेच देतात. शाळेत त्याहून चांगली जागा आहे. खेळाडूजवळ ज्या बैठक क्रमांकाची चिठ्ठी आहे त्याच क्रमांकाच्या बाकावर तो मान खाली घालून बसला, तर आत आलेले पर्यवेक्षक त्याला वर्गातला विद्यार्थी समजून ओळींमधून फिरतात आणि निघून जातात. दुसऱ्याच्या बाकावर बसला तर पकडतात. ते बाकाशेजारून जात असताना खेळाडूने कॅमेरा हलवू नये ही अट ठेवावी. शाळेत शिकलेला नियम इथे जीव वाचवतो, आणि लपणे चालू असताना भूत अगदी हाताच्या अंतरावर येते. या एका दृश्यावर हवा तेवढा वेळ घालवावा.

वेगाबाबत, खेळाडू सेकंदाला साडेचार मीटर धावत असेल तर पर्यवेक्षक चार मीटरने यावेत. पकडल्यावर लगेच खेळ संपवू नये. ते नायिकेचे नाव हजेरीपटात लिहितात आणि तिला वर्गात परत बसवतात. तिसऱ्यांदा लिहिले गेले की नाव कायमचे.

आठवी पायरी : जतन

खेळ जतन करायची जागा शिक्षकखोलीतील मस्टर. सही केली की खेळ जतन. १९९६च्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये जतनासाठी टंकलेखन यंत्राच्या शाईफिती मोजून मिळत. तासाभराच्या गेमला तो काच नको, जागेचे बंधन पुरे. फाइल लिहिताना आधी तात्पुरत्या नावाने लिहून मग नाव बदलावे, म्हणजे मध्येच लाइट गेली तरी जुनी नोंद शाबूत राहते.

नववी पायरी : मराठी अक्षरे

गोडो ४ पासून देवनागरीची जोडाक्षरे इंजिनमध्येच नीट जुळतात. गोडो ३मध्ये ती तुटत असत, म्हणून जुन्या आवृत्तीत सुरुवात करू नये. टाइप म्हणून मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाचा ‘मुक्त’ घ्यावा. तो खुल्या परवान्याचा आहे आणि लहान आकारातही वाचता येतो. संवाद एकेक अक्षर उमटवायचा असेल तर रिच टेक्स्ट लेबलमध्ये अक्षरे जुळवून झाल्यावर दाखवण्याचा पर्याय निवडावा, नाहीतर ‘क्ष’ उमटताना आधी ‘क’, मग हलन्त आणि मग ‘ष’ असे विचित्र दृश्य दिसते. हजेरीपटासाठी हस्ताक्षराचा फाँट वापरण्यापेक्षा घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून बोरूने किंवा शाईच्या पेनाने पाने लिहून घेऊन स्कॅन करावीत. तसा ताठ, रेषेला टांगलेला मराठी अक्षरांचा वळणदारपणा कोणत्याही फाँटमध्ये नाही. इंग्रजी उपशीर्षके मात्र द्यावीत, कारण विक्री बाहेरच जास्त होते.

दहावी पायरी : चाचणी आणि प्रकाशन

चाचणी करणाऱ्याच्या मागे बसावे आणि गप्प राहावे. ओबीएस या मोफत सॉफ्टवेअरने पडदा मुद्रित करून ठेवावा. तो कुठे थांबला, कोणते दार दोनदा पाहिले, वही कधी उघडली एवढेच टिपावे. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला मित्रमंडळी नेहमी ‘भारी’ म्हणतात, त्याचा उपयोग नसतो. गेम न खेळणारी एखादी मावशी किंवा काका या चाचणीला मिळाले तर सोडू नयेत, कारण दार उघडायला कोणती कळ दाबायची इथपासूनच्या अडचणी त्यांच्यामुळे दिसतात.

पहिला डेमो ‘इच डॉट आयओ’ या स्वतंत्र गेमच्या संकेतस्थळावर ठेवावा, तिथे प्रवेशशुल्क नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेमसाठी १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १,००० डॉलरवर गेल्यावर ते परत मिळतात. पैसे भरल्यापासून ३० दिवस गेम प्रकाशित करता येत नाही, शिवाय ‘लवकरच येत आहे’ असे पान निदान दोन आठवडे आधी लावावे लागते, म्हणून तारीख ठरवताना दोन महिने हातात ठेवावेत. व्यक्ती म्हणून नोंदणी करताना डब्ल्यू-८ बेन हा अमेरिकी कराचा अर्ज भरावा लागतो, त्यात पॅन क्रमांक तयार ठेवावा. ‘नेक्स्ट फेस्ट’ या डेमोच्या महोत्सवात एका गेमला एकदाच भाग घेता येतो, तेव्हा डेमो कच्चा असताना ती संधी खर्च करू नये.

स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. तासाभराचा गेम पूर्ण खेळून परत करणारे थोडे लोक भेटणारच. त्यांच्यासाठी गेम ताणून लांबवू नये, किंमत कमी ठेवावी आणि पानावर लांबी स्पष्ट लिहावी. अंतिम फाइल गोडो कधीच न बसवलेल्या संगणकावर, शक्यतो एखाद्या जुन्या ऑफिस लॅपटॉपवर चालवून पाहावी. स्वाक्षरी नसलेली फाइल विंडोज अडवते, त्यामुळे ‘इच’च्या पानावर ती सूचना आल्यास काय करायचे हे दोन ओळींत, मराठीत आणि इंग्रजीत, लिहून ठेवावे.